तळच्या पायरीची फळी

मी एक जुनी फळी आहे. असं म्हटलं की पुढे 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते. मित्रांनो, तुमची माझी मैत्री कसली? माझ्या अंगात टाचण्या घुसत होत्या तेव्हा तुमच्यातलं कुणी धावून आलं नाही, पण माझ्यावर काढलेली चित्रं बघून खदाखदा हसलात मात्र सगळे. त्याच हसण्याची गोष्ट आज सांगते. ऐकायची असेल तर सरळ बसून ऐका.

माझा जन्म कुठल्या जंगलात झाला ते मला ठाऊक नाही. मी पाइनच्या लाकडाची आहे. म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात परदेशातून एक अवजड यंत्र आलं, त्याच्या खोक्याची मी एक बाजू होते. माझ्या पाठीवर अजून काळा बाण छापलेला आहे आणि त्याच्याखाली इंग्रजीत लिहिलं आहे की ही बाजू वर ठेवा. ते कुणी कधी पाळलं नाही. यंत्र बाहेर निघालं, खोकं मोडलं आणि माझ्या बहिणी कँटीनच्या चुलीत गेल्या. मला उचललं ते तिथं नकाशे काढणाऱ्या भुजंगरावांनी, कारण पाइनचं लाकूड मऊ असतं आणि त्यात टाचणी लोण्यात शिरावी तशी शिरते. मऊ होते म्हणून वाचले आणि मऊ होते म्हणूनच जन्मभर टोचून घेतलं. सुतारानं मला रंधा मारला, मागं दोन पट्ट्या ठोकल्या आणि मी चित्राची फळी झाले.

भुजंगराव हे म्हैसूरचे जुने मराठे. त्यांचे खापरपणजोबा राजाच्या घोडदळात होते, असं ते भेटेल त्याला सांगतात. घोडा कधी गेला, तलवार कधी मोडीत निघाली, हे मात्र कुणाला सांगत नाहीत. घरात ते मराठी बोलतात, रागावले की कानडी, आणि बढाई मारायची असली की दोन्ही. त्यांचा हात मात्र सोन्याचा होता, हे मी शत्रू असूनही कबूल करते. दिवसभर ते माझ्यावर खिळे, चाकं, दट्टे काढत. साहेबाची पाठ वळली की त्याच कागदाच्या कोपऱ्यात साहेब काढत. चार रेघा ओढल्या की साहेबाचं पोट, त्याची चाल आणि त्याचा कंजूषपणासुद्धा तिथं उभा राहायचा.

मग कारखान्यात संगणक आले. आम्हा फळ्यांना अडगळीत टाकलं. भुजंगरावांनी मला स्कूटरला बांधून म्हैसुरातल्या विजयनगरच्या घरी आणलं, आणि घरी आणून तरी काय केलं? दहा वर्षं त्यांच्या बायकोनं, भवानीबाईंनी, माझ्यावर सांडगे वाळत घातले. उन्हानं मला एक बाक आला तो अजून गेलेला नाही. सांडगे घालायच्या फळीला कुणी विचारत नाही की बाई तुझं दुखतंय का.

भुजंगराव निवृत्त झाले आणि सांडग्यांचं राज्य संपलं. त्याच सुमाराला बंगळूरचा रस्ता रुंद झाला. तिकडची माणसं दीड-दोन तासांत इकडे येऊ लागली आणि शनिवार-रविवारी गावात पाय ठेवायला जागा उरेना. भुजंगरावांना आयतं खाद्य मिळालं. एका कानडी वर्तमानपत्रात दर रविवारी त्यांचं व्यंगचित्र यायला लागलं. नाव होतं 'बंद्रु नोडि', म्हणजे 'आले बघा'.

कोण कोण आले ते ऐका. एक शांती शोधणारे गृहस्थ आले. ते विजयनगरात घर घेतात आणि पहिल्याच सकाळी कोकिळेविरुद्ध पोलिसांत तक्रार देतात. एक बाई आल्या, त्या डोशाचे फोटो काढत बसतात. डोसा थंड होतो, वेटर म्हातारा होतो आणि शेवटच्या चौकटीत त्याच्या निवृत्तीचा हारतुरा चालू असतो. एक जण चामुंडीच्या डोंगराच्या हजार पायऱ्या चढतो, तर वर पोचता पोचता त्याचं पावलं मोजणारं घड्याळ बंद पडतं. तो देवीकडे न बघताच खाली उतरतो आणि पुन्हा पहिलीपासून चढू लागतो. आणि सात जणांच्या गाडीतून एकटाच येऊन 'झाडं वाचवा' सांगणारा तर दर महिन्याला येई, कधी या टोपीत, कधी त्या टोपीत.

सगळं गाव हसत होतं. खोटं कशाला बोलू, मीही हसत होते. मला ही माणसं मुळीच आवडत नसत. आली की भाव वाढवतात, रस्ता अडवतात आणि वर आपल्यालाच सांगतात की तुमचं गाव किती साधं आहे. मी स्वतः ट्रकमध्ये पडून परमुलखातून आले, हे मी साफ विसरले होते. असं विसरायला फार दिवस लागत नाहीत.

आता माझ्या दुसऱ्या नोकरीचं सांगते. नवरात्रात म्हैसूरच्या घराघरांत पायऱ्या करून त्यांवर बोंबे, म्हणजे बाहुल्या, मांडतात. सगळ्यांत वर पट्टाचे बोंबे. हे लाकडाचे राजाराणी आई मुलीला लग्नात देते. त्यांच्याखाली देव, मग लग्नाची वरात, आणि अगदी तळाला बाजार, वाणी आणि भाजीवाल्या. भवानीबाईंची तळची पायरी एका वर्षी वाळवीनं खाल्ली. त्यांनी नवऱ्याच्या हाताखालून मला ओढून नेलं. भुजंगराव म्हणाले, "फळी नेतेस तर माझी माणसंपण ने." रागारागानं त्यांनी वर्षभराची चित्रं कापली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि वाण्याच्या शेजारी उभी केली.

झालं, तोच रिवाज पडला. दर दसऱ्याला वर्षभराचे बंगळूरकर माझ्यावर उभे राहू लागले. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका राजाराणीला नमस्कार करत, पण डोळे तळच्या पायरीवर. शेजारच्या तुंगाबाई तर फराळाची बशी विसरून खाली बसकण मारत आणि एकेकाला बोट दाखवून हसत. पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे येत होतं आणि मी फुगले होते.

भुजंगरावांचा एकुलता एक मुलगा प्रणेश बंगळूरलाच नोकरीला होता, हे तुम्हाला अजून सांगितलं नाही. त्याची बायको शरण्या तिथंच शाळेत शिकवते. त्यांच्या दोन खोल्यांत पायऱ्या मांडायला जागा नव्हती, म्हणून शरण्याच्या आईनं दिलेले राजाराणी इकडेच, वरच्या पायरीवर बसत. ती दोघं दरवर्षी दसऱ्याला येत आणि भुजंगरावांनी आपल्याला कधी चित्रात घेतलं नाही म्हणून निर्धास्त असत.

गेल्या वर्षी श्रावणात प्रणेश एकटाच आला, तोही बुधवारी. आई देवळात गेली होती. भुजंगराव माझ्यावर कागद टाचत होते. तो समोर बसला आणि बराच वेळ माझ्यावरची शाई नखानं खरवडत राहिला.

"अप्पा, नोकरी गेली," तो म्हणाला. "तीन महिने झाले."

भुजंगरावांचा हात थांबला.

"शरण्याला?"

"तिला सांगितलं नाही. तुम्हीपण सांगू नका, आय्तु? दोन महिन्यांत दुसरी मिळते. सुम्ने, उगाच तिला टेन्शन कशाला?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. तो रोज साडेआठला गळ्यात ओळखपत्र घालून, शरण्यानं भरलेला डबा घेऊन घराबाहेर पडायचा आणि संध्याकाळपर्यंत एका बागेत बाकावर लॅपटॉप उघडून बसायचा. डबा कबुतरांबरोबर खायचा. तिचा फोन आला की म्हणायचा, मी मीटिंगमध्ये आहे. हे सांगताना तो हसायला गेला आणि ते हसणं अर्ध्यावर मोडलं. त्याचं कपाळ माझ्यावर टेकलं. तो रडला. लाकूड ओलं झालं की फुगतं, म्हणून मला कळलं.

भुजंगरावांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "होगली बिड," ते म्हणाले, जाऊ दे रे. "मी कुणाला नाही सांगत. चामुंडीची शप्पथ." त्या वेळी ते खरं बोलत होते. जाताना प्रणेशनं डब्याची पिशवी उचलली. पिशवी शरण्यानं जुन्या पडद्याची शिवली होती आणि तिच्यावर लाल कापडाची एक कोयरी लावलेली होती, ती उलटी. भुजंगरावांची नजर तिच्यावर पडली आणि तिथंच राहिली. मी त्या नजरेला ओळखते. गिऱ्हाईक दिसलं की ती तशी होते.

आठ दिवसांनी वर्तमानपत्राचा फोन आला की चित्र अजून पोचलं नाही. त्यांनी तीन कागद फाडले. कोकिळा जुनी झाली होती, डोसाही जुना झाला होता. चौथ्या कागदावर त्यांनी पेन्सिल घेतलीच नाही, थेट शाईचा कुंचला टेकवला. बाग, बाक, गळ्यात ओळखपत्र, लॅपटॉप आणि समोर ओळीनं बसलेली कबुतरं, जशी काही साहेबांची सभा. मांडीवर डब्याची पिशवी. फोन कानाला. खाली कानडीत दोन शब्द: 'मीटिंगल्लि इद्दीनि', मी मीटिंगमध्ये आहे. चेहरा त्यांनी बदलला, मिशी लावली, टक्कल पाडलं. आपण फार काळजी घेतली असं त्यांना वाटलं असणार. पण हाताला सवय झाली होती. हातानं ती कोयरी काढली, आणि उलटीच काढली.

मी काय करणार होते? फळीला ओरडता येत नाही. टाचणी आत घेऊ नये म्हणून अंग आवळून बघितलं, पण मी मऊ लाकडाची, ती गेलीच आत.

त्या चित्राइतकी वाहवा कुठल्याच चित्राला मिळाली नव्हती. लोकांनी ते फोनवरून एकमेकांना पाठवलं. भवानीबाईंनी बघितलं आणि त्याही हसल्या, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. प्रणेशनं ते बघितलं की नाही कुणास ठाऊक. त्याचा फोन आला नाही.

दसरा आला. तो मिशीवाला कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून, माझ्या अगदी मधोमध उभा केला गेला. सहाव्या दिवशी संध्याकाळी प्रणेश आणि शरण्या आले. प्रणेशला दारातूनच आईनं फुलं आणायला पिटाळलं. खोली बायकांनी भरलेली होती. शरण्या राजाराणीला नमस्कार करून खाली वाकली. तुंगाबाई तिला चित्र दाखवायला आतुरच झाल्या होत्या.

"नोडि नोडि, हा बघ की गं! कबुतरांची मीटिंग घेतोय! बायकोनं डबा दिलाय बिचारीनं, तिला काय गोत्तु, काय ठाऊक!"

सगळ्या बायका हसल्या. शरण्यापण हसली. मग तिचं हसू थांबलं. तिनं बोट पुढं केलं आणि त्या एवढ्याशा पिशवीवर ठेवलं.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "हे कोण?"

"कुणी नाही गं. पट्टणातला कुणीतरी."

"ही कोयरी मी लावली. घाईत उलटी लागली. अशी दुसरी पिशवी जगात नाही, मामा."

तुंगाबाईंनी चित्राकडे, मग भुजंगरावांकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तेवढ्यात प्रणेश फुलांची पुडी घेऊन दारात आला. शरण्या वळली. तिचा आवाज चढला नाही.

"रोज मीटिंगमध्ये होतास ना तू?"

प्रणेशनं माझ्याकडे बघितलं, माझ्यावरच्या चित्राकडे बघितलं, मग वडिलांकडे.

"अप्पा, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"मी तोंड उघडलं नाही," भुजंगराव म्हणाले. "एकालापण सांगितलं नाही. देवीची शप्पथ."

"तोंड कशाला उघडता," भवानीबाई म्हणाल्या. "हात उघडलात ना."

शरण्यानं पायरीवर पाय न ठेवता, टाचा उंच करून, वरचे राजाराणी उचलले. भवानीबाई पुढं झाल्या. मांडलेले बोंबे दशमीपर्यंत जागचे हलवत नाहीत.

"अगं, दशमीपर्यंत तरी..."

"अत्ते, नोकरी गेली त्याला मी काही म्हणत नाही. पण इथं सगळ्यांना कळलं, अन् मला कुणी नाही सांगितलं. हे माझ्या आईनं दिलेत. यांना इथं लोकांच्या हसण्यात ठेवणार नाही मी." तिनं दोन्ही बाहुल्या ओढणीत गुंडाळल्या आणि गेली. प्रणेश तिच्यामागं धावला. फुलांची पुडी अजून त्याच्या हातातच होती.

तुम्हाला वाटलं असेल की भुजंगराव खचले. छे! ते आठ दिवस म्हणत होते, "बंगळूरची हवा लागली. थट्टा सहन होत नाही यांना." पुढच्या रविवारचं चित्रही त्यांनी वेळेवर पाठवलं. मला त्यांची तेव्हा इतकी चीड आली की माझ्यातलं एखादं कुसळ निघून त्यांच्या तळहातात शिरावं असं वाटत होतं. एकदा शिरलंसुद्धा. पण त्यानं काय होतं? अप्पा फिरायला गेल्याची वेळ साधून प्रणेश आईला फोन करायचा. संक्रांतीला त्याला कमी पगाराची एक नोकरी मिळाली, शरण्या त्याच्याबरोबरच होती, एवढं भवानीबाईंकडून कळलं. दोघंही इकडे फिरकली नाहीत.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या दिवशी भवानीबाईंनी नवऱ्याला सांगून टाकलं. "पुढल्या दसऱ्याला तळच्या पायरीवर एकच चित्र ठेवायचं. तुमचं. खोटं नको, बाकीच्यांचं काढता तसंच. नाही तर मी बोंबे मांडणार नाही." घरात एकदा मांडायला लागलेले बोंबे चुकवत नाहीत, त्यांच्या सासूच्या सासूपासून ते चुकले नव्हते. "साकु म्हणजे साकु, पुरे झालं," त्या म्हणाल्या. आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मग जी मजा सुरू झाली ती मी मनापासून उपभोगली. जगातल्या कुठल्याही माणसाला चार रेघांत पकडणारा हा गडी, स्वतःला पकडायला बसला तर कागदावर घोडदळातले खापरपणजोबाच उमटत. ताठ मान, धारदार नाक, रुबाबदार मिशी. ते चिडत, कागद फाडत, आरशात बघत, पुन्हा काढत. पुन्हा सरदार. उन्हाळा गेला, पाऊस गेला. माझ्या अंगाला नव्या टाचण्यांची शंभर भोकं पडली आणि मी प्रत्येक भोकाला म्हटलं, बरं झालं.

नवरात्राच्या आदल्या दुपारी त्यांनी आरसा पालथा घातला. कपाटातून तो पुठ्ठ्याचा मिशीवाला काढला आणि समोर धरून बराच वेळ बसले. माझ्यावर पाण्याचा एक थेंब पडला. शाईचा नव्हता. मग त्यांनी कुंचला उचलला.

तेच बाक आलं. बाकावर एक तरुण पाठमोरा बसलेला. त्याला चेहरा नव्हता, पिशवी नव्हती, कोयरी नव्हती, नुसती वाकलेली पाठ. त्याच्या शेजारी एक म्हातारा, सुपाएवढा कान त्याच्या तोंडाशी लावलेला. म्हाताऱ्याचा एक हात पोराच्या खांद्यावर, मायेनं ठेवलेला. दुसऱ्या हातात कुंचला. कागद त्यानं त्या पोराच्या पाठीवर टाचला होता आणि तो चित्र काढत होता.

मित्रांनो, मी जन्मभर माझ्याच भोकांचं रडगाणं गायले. त्या चित्रात माझ्या जागी प्रणेशची पाठ होती. मी गप्प झाले.

भुजंगरावांनी ते चित्र वर्तमानपत्रालाही पाठवलं. तिथून निरोप आला की यात मजा नाही, डोशावरचं काहीतरी पाठवा. त्यांनी पुन्हा काही पाठवलं नाही. चित्र एकटंच माझ्यावर उभं राहिलं. बायका आल्या, बघून हळूच उठल्या. तुंगाबाई म्हणाल्या, "अय्यो, हे कशाला काढलं की," आणि फराळ न घेता गेल्या.

नवव्या दिवशी दुपारी ती दोघं आली, अर्ध्या तासासाठी, भवानीबाईंनी बोलावलं म्हणून. शरण्या माझ्यासमोर मांडी घालून बसली. चित्राकडे खूप वेळ बघत राहिली. भुजंगराव खांबाजवळ उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

"नाक लहान काढलंय तुम्ही," ती म्हणाली.

"हो?" ते म्हणाले.

तिनं पेन्सिल मागितली. त्यांनी स्वतः आणून दिली. तिनं त्या म्हाताऱ्याचं नाक खाली ओढलं, चांगलं मोठं केलं, पुढं बाक दिला. तीन रेघा. चित्र आता खरंच भुजंगरावांसारखं दिसू लागलं. प्रणेशच्या तोंडून एक आवाज निघाला, हसू होतं की काय ते मला कळलं नाही.

"आता बरोबर आहे," भुजंगराव म्हणाले.

शरण्यानं पेन्सिल खाली ठेवली. राजाराणी तिनं आणले नव्हते. वरची पायरी मधोमध रिकामी होती आणि भवानीबाईंनी ती भरली नव्हती. "ते तिकडेच राहू देत, अत्ते," ती निघताना म्हणाली. "आम्ही टेबलावर मांडले आहेत. दोघंच आहेत, पण छान दिसतात." प्रणेशनं आईला नमस्कार केला. वडिलांसमोर तो क्षणभर थांबला, मग चपला घालायला खाली वाकला. शर्ट पाठीवर ताणला गेला. भुजंगरावांचा हात त्या पाठीकडे अर्धा गेला आणि त्यांनी तो मागं घेतला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी हात जोडणार नाही. मला खुशाल अडगळीत टाका, माझ्यावर सांडगे घाला. जपायचंच असेल तर कुणी तुमच्यापाशी रडून सांगितलेलं जपा. माझ्या अंगावर हजार भोकं आहेत, आणि सुतार ती एका दुपारी लांबीचा लगदा भरून बुजवून देईल. त्या पोराच्या पाठीवर एकच आहे.